रोहिणीचे पाणी, मिठीचा काठ

अंधेरी-कुर्ला रस्त्याने मरोळ सोडून साकीनाक्याकडे येताना मेट्रोच्या खांबांखाली एक पूल लागतो. रिक्षा, टेम्पो, बेस्टच्या गाड्या आणि हातगाड्यांच्या दाटीत आपण पूल ओलांडतो आहोत हे लक्षातही येत नाही. खालून मिठी वाहते. पावसाळा सोडला तर तिचे पाणी काळे असते, आणि या रस्त्याने रोज जाणारे कित्येक जण तिला नालाच समजतात. पण ती नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती निघते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते.

पुलापासून साकी-विहार रस्त्याने उत्तरेला गेले की पवई. पवईच्या वर विहार, त्याच्या वर तुळशी, आणि तुळशीच्या शेजारच्या डोंगरात कान्हेरीची लेणी. पश्चिमेला, साकीनाक्यापासून चार-पाच किलोमीटरवर, लोक ज्यांना महाकाली गुंफा म्हणतात ती कोंडिविट्याची 19 बौद्ध लेणी. आणि साकीनाक्याभोवती काजूपाडा, जरीमरी, मोहिली, असल्फा इथल्या वस्त्या. त्यांत ठिकठिकाणी बुद्धविहार आहेत, पंचशील ध्वज आहेत, बुद्धमूर्तीशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. कुणाचे आजोबा रत्नागिरी-रायगडातून गिरण्यांच्या ओढीने आले, कुणाचे आईवडील 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातून. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध आहेत, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यात. दोन हजार वर्षांपूर्वीचा धम्म आणि बाबासाहेबांच्या 1956च्या दीक्षेनंतरचा धम्म इथे एकाच डोंगररांगेच्या कुशीत नांदतात, आणि त्या डोंगराचे पाणी साकीनाक्याच्या पुलाखालून जाते.

बौद्ध विचार माणसाचे निसर्गाशी कोणते नाते सांगतो, हा प्रश्न म्हणूनच मला इथे उभे राहून विचारावासा वाटतो. माझे म्हणणे आधीच सांगतो. धम्मात निसर्गाची स्तोत्रे शोधू नयेत. तिथे वागण्याचे नियम आहेत, आणि ते नियम माणसाच्या हाताला आणि पायाला मर्यादा घालतात. बाबासाहेबांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: पाणी कुणाचे, आणि ते वाटायचे कसे? मर्यादा आणि वाटणी या दोन गोष्टी एकत्र धरल्या नाहीत, तर मिठी वाचणार नाही आणि तिच्या काठची माणसेही वाचणार नाहीत.

पावसात पाऊल थांबवणे

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाची हकीकत आहे. सुरुवातीला भिक्खू बाराही महिने चारिका, म्हणजे पायी भ्रमंती, करत, भर पावसातही. लोक कुरकुर करू लागले. हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवे गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात, बारीक किडामुंगी चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून थांबतात, मग यांनाच का थांबता येत नाही? तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि त्यांनी पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला.

या हकीकतीत मला मोलाचे वाटते ते हे की नियमाची मागणी लोकांनी केली. जमीन ज्या हंगामात नव्याने जिवंत होते, त्या हंगामात तिच्यावर पाय कसा टाकावा हे त्यांना ठाऊक होते. बुद्धांनी त्यांचे ऐकले. संघाने आपले स्वातंत्र्य तीन महिने आवरले, ते गवतासाठी आणि किड्यांसाठी.

आपल्या सह्याद्रीतली लेणी या नियमाने माणसांना दिलेले घर आहेत. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीन महिने थांबायचे तर पक्के छप्पर हवे. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तिथली वस्ती हजार वर्षांच्या आसपास टिकली. 2021च्या सुरुवातीला अभ्यासक सूरज पंडित यांच्या गटाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणखी सात लेणी नोंदवल्याची बातमी आली. त्यांत पाण्याच्या टाक्या आढळल्या नाहीत, त्यामुळे ती केवळ पावसाळी मुक्कामाची असावीत, असे अभ्यासकांनी मांडले. बाहेर धो धो पाऊस असताना टाकीची गरजच काय होती?

हा मुक्काम समाजाने पोसला. नाशिकच्या लेण्यांतला उषवदात या दात्याचा शिलालेख सांगतो की 3000 कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले होते, आणि त्यांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, पैसे मिळत. कान्हेरीत राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात कल्याणच्या एका व्यापाऱ्याने लेणे दान केले आणि त्यासोबत एक शेतही दिले. ते शेत मंगलठाण गावचे, म्हणजे आजच्या बोरिवलीतल्या मागाठाण्याचे. त्याच्या उत्पन्नातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्खूला वस्त्र मिळायचे. पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या ज्या भागात आज इमारतींची रांग लागली आहे, तिथले पीक एके काळी भिक्खूच्या अंगावर चीवर बनून येत असे.

वर्षावास आजही आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. कामावरून परतलेली माणसे संध्याकाळी पांढरी वस्त्रे नेसून बसतात, त्रिसरण-पंचशील होते, मग एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. वस्तीतल्या विहाराचे छप्पर बहुधा पत्र्याचे असते. जोराची सर आली की वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो.

डोंगराने दिलेले पाणी

कान्हेरीला गेलात तर मूर्ती पाहून परत फिरू नका, पाणी पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी; शिलालेखांतही हाच शब्द येतो आणि लेण्याबरोबर पोढी दान दिल्याची नोंद असते. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींतून टाक्यांत उतरते. ओढ्यावर बांध घातल्याच्याही खुणा आहेत. जितका पाऊस डोंगरावर पडतो, तितक्यातच वर्ष काढायचे, असा तो हिशोब होता.

ही जागा माणसांपासून दूर कुठे अरण्यात होती असे समजू नये. सोपारा आणि कल्याण ही बंदरे फार दूर नव्हती. पश्चिम दख्खनची लेणी व्यापारी मार्गांच्या कडेने कशी वसली, हे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवून दिले आहे. दाते कोण होते? व्यापारी, सोनार, लोहार, भिक्खुणी, गृहिणी. म्हणजे कान्हेरी हा गजबजलेल्या बाजारपेठांच्या मधोमध उभा केलेला संयमाचा नमुना होता. कारखाने, गोदामे आणि गाळ्यांनी भरलेल्या साकीनाक्याने त्याच्याकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही.

याच डोंगराकडे इंग्रजांच्या काळात मुंबईने पाण्यासाठी हात पुढे केला. अभियंता हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेतून 1860मध्ये विहार तलाव पुरा झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. 1879मध्ये तुळशी आला, 1891मध्ये पवई. मिठीच्या उगमाकडचे पाणी अडवून मुंबई मोठी झाली. पण लवकरच ते अपुरे पडले आणि शहर तानसा, वैतरणा, भातसा असे पुढे पुढे जात राहिले. आज मुंबईला रोज जवळजवळ चार हजार दशलक्ष लिटर पाणी येते, त्यात विहार आणि तुळशीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पवईचे पाणी तर पिण्याच्या कामाचेच राहिले नाही. जलपर्णी, सांडपाणी आणि मगरी यांचा तो तलाव झाला. त्याच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022मध्ये बेकायदा ठरवला.

पोढीचा आणि नळाचा फरक इथे आहे. पोढीत किती पाणी उरले आहे ते वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. नळाचे पाणी शंभर किलोमीटरवरून येते. ते कुणाच्या शिवारातून आले आणि वापरल्यावर कुठल्या नदीत गेले, हे दिसत नाही. न दिसणाऱ्या पाण्यावर मर्यादा पाळायची तर ती समजून-उमजूनच पाळावी लागते.

झाडावरचा घाव

विनयात झाडाबद्दलही एक गोष्ट आहे. आळवी इथे एक भिक्खू कुटी बांधण्यासाठी झाड तोडत होता. त्या झाडात राहणारी देवता म्हणाली, तुमचे घर उभारण्यासाठी माझे घर मोडू नका. त्याने ऐकले नाही, आणि घाव देवतेच्या मुलाच्या हातावर बसला. प्रकरण बुद्धांकडे गेले. लोक झाडात जीव आहे असे मानतात, हे सांगून त्यांनी वनस्पती नष्ट करण्याला पाचित्तिय, म्हणजे कबुली द्यावी लागेल असा दोष ठरवले. भिक्खूने जमीन खणू नये, जीव असलेले पाणी गवतावर किंवा मातीवर ओतू नये, हिरवळीवर आणि पाण्यात थुंकू नये किंवा मलमूत्र टाकू नये, पाणी गाळूनच प्यावे, असे नियमही विनयात आहेत. भिक्खूच्या मोजक्या वस्तूंत पाणी गाळण्याचे फडके असते, ते त्या पाण्यातल्या जीवांसाठी.

या नियमांतून आजची पर्यावरणनीती जशीच्या तशी निघते, असा दावा करू नये. जर्मन अभ्यासक लाम्बर्ट श्मिटहाउझेन यांनी 1991च्या आपल्या मांडणीत सावध केले आहे की प्रारंभीच्या बौद्ध साहित्यात निसर्गाकडे पाहण्याच्या एकाहून अधिक दृष्टी आहेत आणि मुक्तीचे ध्येय निसर्गाच्या पलीकडे जाणारे आहे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपल्या गरजेची गोष्ट करताना दुसऱ्याचे काय मोडते आहे हे आधी विचारायचे, ही सवय हे नियम लावतात.

आणि ही सवय राजसत्तेलाही लावता येते, याचा पुरावा मुंबईच्या दाराशी सापडला. 1882मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय असा: पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी विहारयात्रा काढत, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, जीव असलेले भूस जाळू नये आणि विनाकारण वनाला आग लावू नये अशी आज्ञा आहे. साम्राज्याच्या मालकाने आधी स्वतःची शिकार थांबवली आणि मग प्रजेला सांगितले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

4 ऑक्टोबर 2019च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत 2,141 झाडे पडली होती. साकीनाक्याच्या माणसाला मेट्रो हवी आहे आणि ती त्याच्या हक्काची आहे. 2014मध्ये इथून पहिली मेट्रो धावली तेव्हा घाटकोपर-अंधेरीची रोजची फरपट किती कमी झाली, हे इथे राहणाऱ्यांना विचारा. पण आरे हा मिठीचा पाणलोट आहे आणि तिथे आदिवासींचे पाडे आहेत. ज्यांचे घर मोडणार त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याआधी रात्री घाव घालायचे, यातला दोष आळवीच्या त्या भिक्खूच्या दोषाहून वेगळा नाही.

आनंदांची चीवरे आणि खैरानी रोड

राजा उदेनाच्या राण्यांनी एकदा भिक्खू आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली, इतक्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय? त्याने जाऊन विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू, आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे. अभ्रे जुने झाले की? जमिनीवरची बिछायत. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकी विरली की ती तुकडे करून चिखलात मळायची आणि त्या गिलाव्याने जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही गोष्ट ज्यांना कुणी सांगायची गरज नाही, अशी माणसे साकीनाक्याच्या खैरानी रोडला भेटतात. प्लास्टिकचे डबे, पत्र्याचे पिंप, पुठ्ठा, वायर, जुनी यंत्रे, कापडाच्या चिंध्या असे मुंबईने टाकलेले सगळे इथल्या भंगाराच्या गाळ्यांत येते. इथले हात ते निवडतात, प्लास्टिकचा प्रकार बोटांनी चाचपून ओळखतात, तांबे वेगळे करतात, पिंप धुऊन पुन्हा विकायला ठेवतात. भिक्खूचे चीवरही मुळात टाकलेल्या चिंध्यांचेच असायचे; धुळीतून आणि स्मशानातून वेचलेल्या कापडाला पांसुकूल म्हणत आणि ते नेसणे मानाचे होते. आपल्या शहरात वेचणाऱ्याला मान नाही.

त्याला हातमोजे नाहीत, आजारपणाची रजा नाही, आणि तेलाचे पिंप धुतल्यावर पाणी सोडायला प्रक्रियेची सोय नाही. ते पाणी नाल्यात जाते आणि नाला मिठीत. मिठी घाण कोण करते, असे विचारले की बोट याच्याकडे जाते. त्याच्या गाळ्यातून विष जाते हे खरे आहे आणि ते थांबलेच पाहिजे. पण नदीत येणाऱ्या घाणीचा फार मोठा भाग घराघरांतले, झोपडीतले आणि टॉवरमधलेही, प्रक्रिया न केलेले सांडपाणी आहे. आणि पिंपात तेल, रसायन भरून ज्यांनी नफा कमावला ते कारखाने यादीत येतच नाहीत. आनंदांच्या उत्तरात चीवराचा शेवट सांगितला आहे, कारण ज्याने वस्तू घेतली, तिच्या शेवटाची जबाबदारीही त्याचीच. आपल्या कारखानदारीला आणि आपल्या घरांना हा एक नियम लागू केला तरी मिठीचे पाणी ओळखू येणार नाही इतके बदलेल.

26 जुलै

26 जुलै 2005ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मिठीने पात्र सोडले आणि कुर्ला, कलिना, वाकोला पाण्याखाली गेले. साकीनाक्याला डोंगराची दरड कोसळली, झोपड्या गाडल्या गेल्या आणि कित्येक माणसे मातीखाली मेली. त्या दिवशी ज्यांनी आपले माणूस गमावले ते आजही या परिसरात राहतात. त्यांच्यासाठी पाऊस ही कधीच नुसती कवितेची गोष्ट होणार नाही.

निसर्गाचा कोप, असे तेव्हा म्हटले गेले. बौद्ध विचार असे म्हणू देत नाही. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की प्रत्येक गोष्ट कारणांच्या आधाराने उद्भवते: हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. मग कारणे मोजू या. पाऊस आणि भरती ही दोन कारणे माणसाच्या हातची नव्हती. पण विमानतळाजवळ धावपट्टीसाठी नदी वळवून आवळली गेली. खाली वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले ते खाडीची दलदल भरून. मधल्या पट्ट्यात राडारोडा टाकून काठ पुढे सरकवले गेले. सरकारने नेमलेल्या माधवराव चितळे समितीने नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याची शिफारस केली, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि काठाने भिंती उभ्या राहू लागल्या.

ही साखळी पाण्यापाशी संपत नाही. दरडीखाली माणसे का राहत होती? कारण सपाटीवर घर घेण्याची ऐपत नव्हती. ऐपत का नव्हती? गिरण्यांचा संप 1982मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर कायमचे काम गेले. गाव का सोडले? गावात जमीन नव्हती. भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964मध्ये सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, तरी बहुतेकांच्या वाट्याला सात-बारा आला नाही. त्यात 1972चा दुष्काळ पडला. साकीनाक्याच्या दरडीची मुळे अशी मराठवाड्यातल्या कोरड्या विहिरीपर्यंत जातात. त्यातही गावची विहीर वेगळी, आणि तिच्यावर जाण्याचा हक्क वेगळा.

रोहिणी

सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या 1940च्या पुस्तकात या कथेबद्दल शंका घेतली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या निधनानंतर 1957मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ग्रंथात तो धागा पूर्ण विणला. शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिच्या पाण्यावर शेती करत. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उठून त्याला विरोध करतो. युद्धाने प्रश्न सुटत नाही, आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी मिळून तंटा सोडवावा, असे तो सुचवतो. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. आपल्या लोकांवर संकट येऊ नये म्हणून तो देशत्याग पत्करतो.

हा प्रसंग ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे. म्हणजे वर्षावासाचे वाचन सुरू होते, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांतच तो येतो. बाहेर मिठीला पूर असतो आणि विहारात रोहिणीच्या पाण्याची चर्चा चालू असते. जगातल्या एका मोठ्या धर्माचा आरंभ नदीच्या पाण्याच्या न्याय्य वाटपातून झाला, ही मांडणी महाराष्ट्राच्या मातीत झाली याचा मला अभिमान वाटतो. ती करणाऱ्याने स्वतः पाणी नाकारले जाणे भोगले होते.

20 मार्च 1927ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. जिथे जनावरांना पाणी पिता येत होते, तिथे माणसांच्या एका समूहाला मनाई होती. ते पाणी प्यायले, आणि नंतर सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून त्याचे शुद्धीकरण केले. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला 1937 उजाडले. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी दामोदर, महानदी या नद्यांच्या खोऱ्यांचा एकसंध विचार करण्याचे धोरण आखले. नदी राज्यांच्या सीमांनी तोडू नये, उगमापासून मुखापर्यंत तिला एक धरावे, हा त्याचा गाभा होता. मिठीच्या बाबतीत आपण नेमके हेच केलेले नाही. विमानतळ, महापालिका, एमएमआरडीए, आरेची वसाहत आणि राष्ट्रीय उद्यान यांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत.

रोहिणीचा तंटा आज मुंबईच्या नळात आहे. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास आहेत, तिथले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यांच्या डोळ्यांसमोरून जलवाहिन्या मुंबईला जातात. आणि मुंबईत आल्यावर तेच पाणी सगळ्यांना सारखे मिळत नाही. झोपडी अमुक तारखेनंतरची आहे म्हणून नळजोडणी नाकारली जात होती, त्याविरुद्ध पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 2014मध्ये न्यायालयाने सांगितले की घर बेकायदा असले तरी माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महापालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणायला 2022 उजाडले. डोंगरावरच्या वस्तीत आजही पहाटे हंडे-कॅन घेऊन चढण चढणाऱ्या बाया दिसतात. मर्यादा पाळा, पाणी जपा, हा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या हंड्यातला थेंब थेंब मोजून वापरतात.

मर्यादा आधी कुणाला

म्हणून संयमाचा नियम बलवानापासून सुरू व्हायला हवा. अशोकाने आधी आपली शिकार थांबवली, संघाने आधी आपली पावले थांबवली. ज्याच्या सोसायटीत गाड्या नळाच्या पाण्याने धुतल्या जातात, ज्याचा टॉवर तलावाकडे तोंड करून उभा आहे, ज्याच्या प्रकल्पासाठी आरेची जमीन हवी आहे, मर्यादा आधी त्याची. भंगारवाल्याला नोटीस देण्याआधी त्याच्या गाळ्यासाठी सामुदायिक सांडपाणी प्रक्रियेची सोय हवी. नदीकाठची झोपडी हलवायची तर त्याच परिसरात घर हवे, कारण माणसाचे काम, मुलाची शाळा आणि विहार तिथेच आहे.

वस्तीलाही यात काम आहे, आणि ते करण्याची ताकद विहारांकडे आहे. थायलंडमध्ये 1980च्या दशकाच्या अखेरीपासून भिक्खूंनी जंगलतोड रोखण्यासाठी झाडांना भगवी चीवरे गुंडाळली. दीक्षा दिलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला गावकरी कचरू लागले. आपल्याकडे चीवर बांधण्याची गरज नाही, तीन महिने रोज भरणारी सभा आधीच आहे. रोहिणीचा प्रसंग वाचून झाला की वस्तीतला नाला कुठे जातो, किती घरांना मलनिःसारणाची जोडणी नाही, कुठल्या चढावर पाणी येत नाही आणि कुठली दरड सैल झाली आहे, याची नोंद त्याच वहीत करता येईल. मंगलमैत्रीत सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा आपण रोज बोलून दाखवतो. नागपुरात 1956च्या दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. नाल्यात काय जाते याची नोंद ठेवणे हे त्या प्रतिज्ञेचेच पालन आहे.

राहिला सिद्धार्थाचा प्रस्ताव. दोन इकडचे, दोन तिकडचे, आणि चौघांनी मिळून निवडलेला पाचवा. मिठीचे निर्णय घेणाऱ्या टेबलाशी आज मंत्री आणि अधिकारी बसतात. तिथे आरेच्या पाड्यावरचा माणूस हवा, शहापूरची बाई हवी, खैरानी रोडचा कामगार हवा, जरीमरीची रहिवासी हवी, आणि या सगळ्यांनी मिळून निवडलेला जाणकार हवा. शाक्यांच्या संघात हा प्रस्ताव बहुमताने हरला आणि मांडणाऱ्याला देश सोडावा लागला. साकीनाक्याच्या माणसाकडे मत आहे, संविधान आहे, आणि पाण्याचा हक्क मान्य करणारा न्यायालयाचा निकाल आहे. त्याने तो प्रस्ताव पुन्हा मांडावा, आणि पवईच्या टॉवरमधल्या माणसाने त्याला अनुमोदन द्यावे. दोघांच्या घरचे सांडपाणी शेवटी एकाच मिठीला मिळते.